मागचे पाय लुळे पडलेल्या कुत्र्याची गाडी: तो चालत नाही, कारण वजन चुकीच्या जागी पडतंय

प्रश्न थोडक्यात असा आहे. देशी कुत्रा, नर, अडीच वर्षांचा, १६ किलो. तीन महिन्यांपूर्वी टेम्पोची धडक बसली आणि कंबरेपासून मागचे दोन्ही पाय गेले. डॉक्टरांनी आता व्हीलचेअर वापरायला हरकत नाही असं सांगितलं, म्हणून ऑनलाइन 'मीडियम' मापाची गाडी मागवली. तीत बसवलं की तो जागचा हलत नाही, धापा टाकतो. मान वर केली की गाडीची पुढची बाजू उचलली जाते, आणि दोनच दिवसांत दोन्ही काखांत लाल चट्टे आलेत. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ही गाडी परत करून पीव्हीसी पाइपची घरी बनवावी, की महागातली घ्यावी?

तुम्ही गाडी कोणती ते विचारताय, पण तुमच्याच वर्णनात उत्तराचा निम्मा भाग आहे. त्याचं जागचं न हलणं, पुढची बाजू उचलणं आणि काखेतले चट्टे ही तिन्ही एकाच दोषाची लक्षणं आहेत. गाडीचा तोल मागे गेला आहे. हाच तोल घरच्या पीव्हीसीत चुकला तर तीही तशीच वागेल आणि महागातलीत चुकला तर तीही. म्हणून आधी तोल समजून घ्या, मग खर्चाचं ठरवा.

त्याआधी दोन गोष्टी डॉक्टरांकडून पक्क्या करून घ्या, कारण पुढचं बरंचसं त्यांवर अवलंबून आहे.

पहिली, मागच्या पायांत खोलवरची वेदना कळते का. डॉक्टर बोटाचं हाड चिमट्याने दाबून पाहतात. पाय आखडून घेतला म्हणजे कळलं असं घरी अनेकांना वाटतं. तसं नसतं. पाय आखडणं ही मणक्यातल्या मज्जारज्जूची परस्पर होणारी क्रिया असते, मेंदूपर्यंत काही पोचलेलं नसतं. कुत्रा मान वळवून बघतो का, कण्हतो का, हे महत्त्वाचं. अपघातानंतर तीन महिने ही जाणीव अजिबात नसेल तर पूर्वीसारखं चालणं परत येण्याची आशा फार थोडी. तरीही काही कुत्री मेंदूचा हुकूम न येता, नुसत्या त्या परस्पर क्रियेवर, काही महिन्यांनी वेडीवाकडी का होईना पावलं टाकायला लागतात. म्हणून पाय गाडीत वर बांधायचे की जमिनीला टेकू द्यायचे, हे या तपासणीवर ठरवायचं.

दुसरी, मोडलेला मणका स्थिर झाला आहे का. डॉक्टरांनी नवा एक्स-रे बघून परवानगी दिली असेल तर प्रश्न नाही. जुन्याच कागदांवरून दिली असेल तर पुन्हा विचारा. परळ, शिरवळ आणि नागपूर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही हे दाखवता येतं.

पुढच्या पायांची परीक्षा मात्र तुम्ही घरीच करू शकता, आणि ती गाडीला हात लावण्याआधी करा. एक जाड टॉवेल पोटाखालून, अगदी मागच्या मांड्यांच्या पुढून घ्या. दोन्ही टोकं वर धरून कंबर उभ्या कुत्र्याच्या उंचीला आणा. त्याचं वजन तुम्ही फक्त मागचं उचलायचं. अशा स्थितीत तो पुढच्या पायांवर मिनिटभर उभा राहिला आणि दहा-पंधरा पावलं चालला, तर दोन चाकांची मागची गाडी त्याला चालेल. पुढचे पंजे उलटे पडत असतील, कोपर बाहेर फेकली जात असतील किंवा तो लगेच छातीवर बसत असेल तर दोन चाकांची गाडी नको, चार चाकांची लागते. म्हाताऱ्या जर्मन शेफर्डमध्ये मज्जारज्जूचा जो हळूहळू वाढणारा आजार दिसतो, त्यात पुढे जाऊन अशीच वेळ येते. तुमचा कुत्रा तरुण आहे आणि मार कंबरेला लागला आहे, त्यामुळे दोन चाकांची पुरेल असं मी धरून चालतो.

आता तोल. बैलगाडी हाकणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. ओझं आसाच्या मागे गेलं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला पट्टा लागतो. ओझं फार पुढे आलं की जू मानेवर दाबतं. कुत्र्याच्या गाडीत खोगीर म्हणजे मागच्या मांड्या ज्या दोन गोल पट्ट्यांत बसतात तो भाग, तेच ओझं. खांद्यावरचा आडवा भाग म्हणजे जू. उभ्या कुत्र्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं आणि ४० टक्के मागे. म्हणजे तुमच्या कुत्र्याचं जवळपास साडेसहा किलो वजन खोगिरात बसतं. चाकांचा आस खोगिराच्या बरोबर खाली असेल तर हे सगळं चाकांवर उतरतं आणि खांद्याला जवळजवळ काहीच लागत नाही. समजा, खोगिरापासून खांद्यावरचा पट्टा ४५ सेंटिमीटर पुढे आहे आणि आस खोगिराच्या १० सेंटिमीटर मागे गेला, तर एक किलोहून जास्त वजन त्या पट्ट्यातून खांद्यावर येतं. तोच आस खोगिराच्या पुढे राहिला तर वजन उलट्या दिशेने लागतं. छातीखालचा पट्टा वर ओढला जातो आणि काखेत घुसतो.

तुमच्याकडे हेच दुसरं घडतंय. त्याचं कारणही बहुधा साधं आहे. देशी कुत्र्याची छाती खोल, पाय लांब आणि कंबर बारीक. तीन महिन्यांत मागचे स्नायूही वाळलेत. मीडियम मापाचं खोगीर त्याला सैल पडतं, तो त्यात मागे आणि खाली घसरतो, आणि वजन आसाच्या मागे जातं. पाय जमिनीवर नीट रोवले जात नाहीत, छाती वर ओढली जातेय, अशा स्थितीत कुठलाही प्राणी पाऊल टाकणार नाही. त्याला आळशी किंवा घाबरट समजू नका.

तपासायचं असं. त्याला गाडीत बसवा, एकाने समोरून खाऊ दाखवून शांत उभं ठेवावं. दुसऱ्याने खांद्यावरचं बक्कल क्षणभर सोडून दोन्ही बाजूंच्या नळ्यांची पुढची टोकं एकेका बोटावर तोलावीत. नळ्या बोटांवरून वर उडाल्या तर गाडी उलाळ आहे. बोटं दुखतील एवढं वजन आलं तर पुढे जड आहे. दोन्ही बोटांवर मिळून पाव किलोच्या आसपास, दोन मध्यम कांद्यांएवढं वजन जाणवलं की झालं. तुमच्या गाडीत आसाच्या पट्टीला पुढे-मागे भोकं असतील तर आस एक भोक मागे घ्या आणि पुन्हा तोला. भोकं नसतील तर खोगिराच्या कड्या पुढच्या बाजूला सरकवा. दर वेळी दीड-दोन सेंटिमीटरच. त्याहून जास्त हलवलं तर नेमकं कशाने फरक पडला ते कळत नाही.

चट्टे कुठे येतात यावरूनही दोष ओळखता येतो. काखेत चट्टे असतील तर गाडी उलाळ आहे किंवा छातीचा पट्टा फार पुढे आलाय. तो कोपराच्या मागे तीन बोटं हवा. खांद्याच्या वरच्या उंचवट्यावर केस झिजले तर पुढे जड. जांघेत आले तर खोगीर अरुंद आहे किंवा गाडी फार उंच झाली आहे. मांडीच्या फक्त बाहेरून आले तर चौकट रुंदीला कमी पडतेय.

उंचीबद्दल फार चुका होतात. बाजूने बघताना पाठ जमिनीला समांतर हवी, मागून बोटभर खाली असली तरी चालेल. मागची बाजू वर गेली तर सगळा भार खांद्यांवर घसरतो आणि आस कितीही हलवला तरी तो सुटत नाही. म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी खोगीर घट्ट बसवा, मग उंची, मग आस, शेवटी पट्टे. पट्टे आवळून तोल सावरायचा प्रयत्न केला की काखा सोलवटतात.

मापं घ्यायला दोन माणसं लागतात. कुत्रं आडवं असताना घेतलेलं माप उपयोगाचं नाही. टॉवेलने कंबर उचलून उभ्या स्थितीत घ्या. जमिनीपासून जांघेच्या घडीपर्यंतची उंची, म्हणजे मागची मांडी पोटाला मिळते तिथपर्यंत. खांद्याच्या हाडाच्या मागच्या कडेपासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी. कंबरेची सर्वांत जास्त रुंदी. चौकट तिच्याहून दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंटिमीटर जास्त ठेवा. आणि कोपराच्या मागून छातीचा घेर. प्रत्येक माप तीनदा घ्या, मधलं धरा.

मागच्या पंजांचं काय करायचं? पाय पूर्ण लुळे असतील तर ते रिकिबीत, म्हणजे गाडीला लटकवलेल्या पाय अडकवायच्या पट्ट्यांत, ठेवायचे, पंजे जमिनीपासून तीन-चार सेंटिमीटर वर राहतील इतकेच. बेडकासारखे मागे ताणून बांधलेले पाय मी पाहिलेत. त्याने गुडघे आखडतात आणि गाडीतून काढल्यावरही सरळ होत नाहीत. घोट्याचा नैसर्गिक वाक तसाच राहू द्या. पायांत थोडी हालचाल असेल तर मात्र ते टेकू द्या आणि पंज्यांत रबरी बूट घाला, नाहीतर बोटांच्या वरच्या बाजूची कातडी एका फेरीत जाते. नर असल्याने एक जास्तीची काळजी: पोटाखालचा पट्टा लिंगावर किंवा त्याच्या पुढे दाबून बसता कामा नये. शक्यतो तो पट्टा काढूनच टाका, खोगीर नीट असेल तर त्याची गरज पडत नाही.

आता पीव्हीसीचं. आठ किलोपर्यंतच्या कुत्र्याला पाऊण इंची नळीची गाडी छान चालते. १६ किलोच्या तरुण कुत्र्याला मी ती कायमची गाडी म्हणून सुचवणार नाही. तो धावणार, गतिरोधकावर आपटणार, आणि चाकाच्या वरचा टी-जोड आधी फाकणार. चाकं खालून बाहेर पसरतात, गाडी खाली बसते आणि सगळा तोल पुन्हा बिघडतो. उन्हात राहिलेली नळी ठिसूळ होते ते वेगळंच. पण मापाचा नमुना म्हणून पीव्हीसीला तोड नाही. एक इंची जाड नळी तीन मीटर, एल्बो सहा, टी सहा, आणि चाकाला बसेल अशी आटे पाडलेली पोलादी सळई एवढं घ्या. सोल्युशन अजिबात लावू नका. प्रत्येक जोडात एकेक स्क्रू मारा, म्हणजे नळी कापून किंवा बदलून लांबी-उंची जुळवता येईल. दोन आठवड्यांत मापं ठरली की ती चौकट घेऊन ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बनवणाऱ्याकडे जा. १९ मिलिमीटर व्यासाची, दोन मिलिमीटर जाडीची नळी या वजनाला पुरते. पूर्ण गाडी दीड-दोन किलोत बसायला हवी. लोखंडी बनवून देतो म्हणणाऱ्याला नको म्हणा. ती टिकेल, पण कुत्रं थकेल.

चाकं लहान मुलांच्या १२ इंची सायकलची घ्या. सामानाच्या ट्रॉलीची छोटी टणक चाकं फरशीवर पळतात, पण गल्लीतल्या गटाराच्या जाळीत आणि खडीत अडकतात. चाकं खालच्या बाजूने किंचित बाहेर कललेली हवीत, म्हणजे वळताना गाडी कलंडत नाही. सगळीकडे नायलॉनचे लॉक नट वापरा, साधे नट थरथरीने आठवड्यात सुटतात. मागची आडवी नळी शेपटीच्या मुळाखाली येऊ देऊ नका, शी तिच्यावर पडते आणि मग कुत्र्याच्या मांड्यांना लागते. खोगिरासाठी बॅगा शिवणाऱ्याकडून कॅनव्हासचे दोन गोल शिवून घ्या, आत जुन्या योगा मॅटचा तुकडा, वरून धुता येईल असं सुती अस्तर. नळ्यांवर एसीच्या तांब्याच्या पाइपवर घालतात तो काळा फोम चढवा. खोगिराचे दोन संच असू द्या, एक वाळत असताना दुसरा लागतोच, पावसाळ्यात तर हमखास.

हातातली गाडी मात्र लगेच परत करू नका. परतीची मुदत बघा, तोवर वर सांगितलेले बदल करून पाहा. भोकं पाडायची, कापायची असतील तर ती मुदत संपल्यावर. आस आणि खोगीर दोन्ही हलत नसतील किंवा रुंदी चार बोटांनी जास्त असेल तर ती गाडी त्याच्या मापाची नाही, देऊन टाका.

काखेतले चट्टे पूर्ण जाईपर्यंत गाडी बंद. त्यानंतर पहिला दिवस नुसता पट्टा, चाकांशिवाय, जेवताना. दुसऱ्या दिवशी गाडीत दोन मिनिटं उभं राहणं, नाकासमोर उकडलेल्या चिकनचा तुकडा. मग सरळ, सपाट, मोकळ्या जागी पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. गाडी मागून ढकलू नका. मागून काहीतरी अंगावर येतंय असं वाटून तो पाय रोवतो आणि केलेली मेहनत वाया जाते. तो सहज चालायला लागला की दर दोन-तीन दिवसांनी दोन-तीन मिनिटं वाढवा. पंधरा-वीस मिनिटांची एक फेरी हे चांगलं उद्दिष्ट, आणि पुढे कितीही सरावला तरी सलग चाळीस मिनिटांच्या वर नको. पुढचे खांदे आता आयुष्यभर एकटेच काम करणार आहेत. गाडीत त्याला आडवं होता येत नाही, म्हणून त्यात ठेवून घरात निघून जायचं नाही. दोरी त्याच्या पट्ट्याला लावा, गाडीला लावली तर हिसक्यासरशी ती उलटते. गल्लीतली कुत्री चाकांच्या आवाजाने अंगावर येतात, पहिले काही दिवस सोबत दुसरं माणूस ठेवा.

प्रत्येक फेरीनंतर काखा, छाती, जांघा, रिकिबीखालची जागा बोटांनी केस बाजूला करून बघा. लाली अर्ध्या तासात गेली तर ठीक, टिकली तर त्या पट्ट्यात काहीतरी चुकलंय. मे महिन्यात दुपारी डांबरी रस्ता नको. तळहाताची मागची बाजू रस्त्याला सात सेकंद लावून ठेवता आली नाही तर त्याचे पुढचे पंजे पोळतात, आणि तेवढेच पाय त्याच्याकडे आहेत.

तिसरा मजला हा गाडीचा प्रश्न नाही, तुमच्या पाठीचा आहे. गाडी खाली ठेवायची सोय करा, जिन्यात कधीही गाडीसकट चढवू-उतरवू नका. उचलताना एक हात छातीखालून आणि दुसरा दोन्ही मांड्यांखालून, पाठ सरळ राहील असा. काखेत हात घालून उचललं की मागचा भाग लोंबतो आणि मोडलेल्या जागेवर ताण येतो.

मी सर्वांत जास्त आग्रह धरीन तो गाडीबाहेरच्या तासांबद्दल. दिवसात पाऊण तास गाडी आणि उरलेले सव्वातेवीस तास गादी, फरशी, लघवी. खाली उतरण्याआधी मूत्राशय रिकामं करा, दर सहा तासांनी. दोन्ही तळव्यांनी पोट बाजूंनी, मागच्या पायांच्या जरा पुढे, हळू आणि सलग दाबायचं. हे डॉक्टरांसमोर हात धरून शिका, वाचून येत नाही. दाबूनही येत नसेल तर जोर करू नका, लगेच दाखवा. सतत ठिबकतंय म्हणजे मूत्राशय रिकामं झालं असं नसतं, भरून ओसंडतही असतं. लघवी गढूळ, उग्र वासाची किंवा लालसर झाली तर त्याच दिवशी तपासणी.

ओली कातडी कोमट पाण्याने धुऊन टिपून कोरडी करा. ओल्या अंगावर टाल्कम पावडर टाकली की तिचे गोळे होऊन कातडी अजून सोलते. झिंक असलेली लहान बाळांची मलमं तो चाटणार, ती नकोत. जाड फोमची गादी, वर रेक्झिन, त्यावर सुती चादर, आणि दर चार तासांनी कूस बदलणं. कंबरेच्या हाडावर रुपयाएवढी टक्कल पडलेली लाल जागा दिसली की आतली जखम त्याहून मोठी असते. पावसाळ्यात अशा जखमेवर माशी बसली की एका दिवसात अळ्या होतात. शेपटीखाली सकाळ-संध्याकाळ बघा. वास आला तर फिनेल किंवा टर्पेंटाइन ओतू नका, दोन्ही विषारी आहेत. सरळ दवाखाना गाठा. घरात फरपटताना मागच्या भागावर जाड कापडाची पिशवी चढवा, पण तासाभरापुरतीच, आत ओल साठते. फरशीवर पुढचे पाय घसरू नयेत म्हणून त्याच्या रोजच्या वाटेवर जुन्या मॅट टाका. मागच्या नखांची झीज होत नाही, ती दर तीन आठवड्यांनी कापा. आणि वजन १६च्या वर जाऊ देऊ नका, बरगड्या बोटांना सहज लागल्या पाहिजेत.

बदल करून झाल्यावर बाजूने, कुत्र्याच्याच उंचीवर मोबाइल धरून वीस सेकंदांचा व्हिडिओ काढा: दहा सेकंद उभा, दहा सेकंद चालताना. पाठीची रेघ, आसाची जागा आणि छातीचा पट्टा कोपरापासून किती मागे आहे, हे तिन्ही त्यात दिसतं. डॉक्टरांना किंवा गाडी बनवणाऱ्याला मापांच्या कागदासोबत तोच दाखवा.